उन्हातला चढ

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की पुण्यातला माणूस पहिलं विचारतो, "लोणारचं सरोवर पाहिलंत का?" नाही पाहिलं. "मग शेगावची कचोरी तरी?" तीही नाही. ऐन वैशाखात, शहाणी माणसं दारं लावून घरात पडून राहतात त्या दिवसांत, मी वरवट बकाल नावाच्या गावी गेले होते. कशाला, तर एका म्हाताऱ्या माणसाला विमान उन्हात का चढत नाही ते समजावून सांगायला. असल्या उद्योगाला कुणी प्रवास म्हणेल का, कोण जाणे. पण जाऊन आले आणि आल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी एका विमान कंपनीत आहे, पण विमानात नव्हे, जमिनीवर. विमानानं किती वजन घेऊन निघायचं, किती इंधन भरायचं, याचं गणित आमच्या खात्यात होतं. नोकरीची शेवटची वर्षं चालू आहेत. शेजारच्या टेबलावर सलीम बसतो. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता संपवतो. कामात मात्र असा चोख की त्यानं केलेलं गणित मी तपासत नाही.

लोकांना वाटतं विमानाला धुक्याची भीती, वादळाची भीती. उन्हाचं नाव कुणी घेत नाही. आमच्याकडे मात्र उन्हाळा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, आणि इंजिनालाही श्वास पुरत नाही. धावपट्टी जास्त लागते, आणि जमीन सुटली तरी विमान वर जायला कुरकुर करतं. त्यात नियम असा की ऐन उड्डाणात एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या एकावर ठरलेला चढ चढता आला पाहिजे आणि समोरचा डोंगर ओलांडता आला पाहिजे. म्हणजे विमान उडेल का, हा आमचा प्रश्नच नसतो. चढेल का, हा असतो. चढणार नसेल तर वजन उतरवायचं. आधी माल उतरवतात. तरी भागलं नाही तर कंपनीचीच माणसं, जी सवलतीच्या तिकिटावर रिकाम्या जागी बसलेली असतात, ती उतरवतात. स्टाफ पहिला उतरतो, ही रीत आहे, आणि तिच्याबद्दल कुणी तोंड वाकडं करत नाही.

सलीमची आई गेली तेव्हा तो कंपनीच्या कामासाठी डोंगरातल्या एका लांबच्या विमानतळावर होता. पहाटे फोन आला. दुपारी नागपूरचं विमान होतं, तिथून गाडी करून रात्री घरी पोचता आलं असतं. त्यानं वडिलांना तसं कळवलं. ते म्हणाले, "ये बाबू, थांबतो." सलीम स्टाफच्या सवलतीच्या तिकिटावर विमानात बसला, पट्टा लावला. बाहेर पारा चढत होता. मग आमच्या कंपनीचीच एक मुलगी आत आली आणि त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, सॉरी सर, तापमान वाढलंय. सलीम उठला. आई गेलीय हे त्यानं तिला सांगितलं नाही. मी नंतर त्याला विचारलं, "अरे, का नाही बोललास?" तर म्हणाला, "ताई, मी राहिलो असतो तर दुसऱ्या कुणाला तरी उतरावं लागलं असतं. डोंगर काही सरकला नसता."

तो दुसऱ्या दिवशी पोचला. दफन आदल्या दिवशीच झालं होतं.

त्या दिवसाचं गणित मी घरी बसून पुन्हा मांडून पाहिलं. बरोबर होतं. चुकलेलं निघालं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

तेव्हापासून सलीमचे वडील त्याच्याशी बोलत नव्हते. घरात जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, "उन्हानं इमान थांबते काय बे? आम्ही तं उन्हातच जगतो." झालं. पोराला यायचंच नव्हतं, अशी बोलवा गावभर झाली. सलीम फोन करायचा, वडील फोन बहिणीच्या हातात द्यायचे. "ताई, चाळीसाव्याला तुम्ही चला," तो एक दिवस म्हणाला. "माझ्यावर विश्वास नाही त्यांचा. तुम्ही समजावून सांगितलं तर ऐकतील." आणि हे म्हणताना त्यानं माझ्या डब्याला हात लावला नव्हता. मी रजा टाकली.

बुलढाणा

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालो आणि सकाळी बुलढाण्याला उतरलो. गाव पठारावर आहे. आगगाडी नाही, कधी येणार याची चर्चा मात्र बसस्टँडवरच्या प्रत्येक बाकावर आहे. कोर्ट, कचेऱ्या, कॉलेजं, आणि हातात फायली घेऊन सकाळपासूनच दमलेली माणसं. सकाळची हवा चक्क गार होती. मी म्हटलं, "सलीम, उगाच घाबरवलंस मला." तो म्हणाला, "ताई, हे वर आहे. आपल्याला खाली जायचंय."

स्टँडसमोर तर्री ओतलेले पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात आणि लिंबाची फोड ठेवतात. इथं लालभडक रस्सा ओततात आणि वर विचारतात, "अजून देऊ का?" नाकातून डोळ्यांतून पाणी आलं. पोहेवाला म्हणाला, "खा बाई, इकडच्या उन्हाले हेच औषध हाय." कुठल्या वैद्यकात बसतं ते त्याला माहीत, पण मी ताट पुसून खाल्लं.

सलीमचे वडील, शब्बीर चाचा, याच डेपोत ड्रायव्हर होते. बिऱ्हाड गावी आणि नोकरी घाटात, असं त्यांचं आयुष्य गेलं. स्टँडवरच्या कंट्रोल रूममधल्या एका वयस्क माणसानं सलीमला ओळखलं. आधी मायेनं खांद्यावर हात ठेवला, मग आवाज उतरवून म्हणाला, "भाभी गेल्याचं समजलं. शब्बीर मियां बोलत नाही म्हनतेत तुह्याशी?" सलीमनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तो माणूस ओशाळला आणि आम्हाला खिडकीजवळची जागा मिळवून द्यायला स्वतः गाडीत चढला. इथं बातमीला तिकीट लागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घाट उतरताना

बुलढाणा सुटलं की राजूरचा घाट लागतो. वर वाळकी झाडं, खाली दूरवर तापलेलं धुरकट सपाट रान, आणि त्यात उतरत जाणारा वळणावळणांचा रस्ता. प्रत्येक वळणाला खिडकीतून येणारा वारा थोडा जास्त गरम होत होता. मला असला चढउतार हवेतला चालतो, कारण तो कागदावर असतो. बसमधला नाही चालत. मी पुढच्या सीटची दांडी धरून डोळे मिटले.

सलीम बोलत होता. लहानपणी सुटीत तो वडिलांच्या गाडीतून या घाटात फिरायचा. वैशाखात गाडी भरलेली असली की चढायची नाही, इंजिनातलं पाणी उकळायचं. मग घाटाच्या पायथ्याशी अब्बा काही माणसं उतरवायचे आणि पायवाटेनं चढून या म्हणायचे. "मी ड्रायव्हरचा पोरगा, पासवर बसलेला. मला सगळ्यात आधी उतरवायचे. मी रडायचो," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला. "वर पोचलो की अब्बा गाडी उभी करून वाट पाहत असायचे. बाटलीतलं पाणी पाजायचे."

हे ऐकून मला तिथल्या तिथं काहीतरी सुचायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष तर्री पोटात ठेवण्याकडे होतं.

मोताळा गेलं, नांदुरा गेलं. खिडकीची पट्टी हाताला चटका देत होती. बाटलीतलं पाणी चहा करता येईल इतकं तापलं. घरातल्या मुलांसाठी पुण्याहून चॉकलेटं घेतली होती, त्यांची पिशवीतच खीर झाली आणि माझ्या धुतलेल्या साडीला लागली. शेजारच्या बाईनं माझ्याकडे दोनतीनदा पाहिलं, आपल्या पिशवीतून एक कांदा काढला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. "असू द्या जवळ. ऊन लागत नाही." मी विमानकंपनीतली बाई, तापमानावर जगणारी, तो कांदा पुण्यापर्यंत जपून आणला.

पूर्णेचा पूल ओलांडला. नदीत पाण्याचा पत्ता नव्हता. पुढं दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिला पाय जाईल एवढ्या भेगा, आणि उत्तरेला सातपुड्याची पुसट रेघ. माणूस कुठंच दिसेना. इतका उजेड आणि इतका सुनसान प्रदेश मी आधी पाहिला नव्हता. मला उगाचच रडू यायला लागलं.

वरवट बकाल

सलीमचं घर गावाच्या कडेला आहे. विटांच्या दोन खोल्या, पत्र्याचा ओटा, अंगणात कडुनिंब. निंबाखाली बाजेवर एक उंच, वाळलेला म्हातारा पाठ करून पडला होता. सलीमनं सलाम केला. म्हाताऱ्यानं उठून बसत हातानं सलामाला जवाब दिला, माझ्याकडे पाहून "या ताई, बसा" म्हणाला, आणि चप्पल पायात सरकवून मशिदीकडे निघून गेला. नमाजाला अजून पुष्कळ अवकाश होता.

मला सलीमच्या बहिणीनं, नसीमनं, आत नेलं. चहा दिला, तो खारट लागला. माझं तोंड बघून ती म्हणाली, "आमच्या इकडचं पानीच खारं हाय ताई. आमाले समजत बी नाही. तुमाले फिल्टरचं आनू काय?" मी नको म्हटलं आणि तोच चहा प्यायले. दुसऱ्या कपाला सवय झाली.

आतल्या घरात चाळीसाव्याची तयारी चालली होती. बायका कांदे चिरत होत्या, डाळ निवडत होत्या. आमच्याकडे दहावं, तेरावं झालं की माणसं पांगतात. इथं चाळीस दिवस घर एका माणसाभोवती फिरत राहतं, आणि मग एक दिवस सगळ्यांना जेवायला घालून त्याला जाऊ देतात. मला ते बरं वाटलं. नसीमला म्हटलं तसं. ती म्हणाली, "जाऊ देनारे जाऊ देतेत. अब्बा काही देऊन राह्यले नाही."

मग तिनंच त्या दिवसाचं सांगितलं. ऊन असं की पत्रा वाजत होता. मय्यतीसाठी बर्फ नांदुऱ्याहून आणला, तो येईपर्यंत अर्धा वितळला होता. लादीवर कापडं, भुसा, सगळं केलं. तरी दुपारनंतर बर्फ टिकला नाही. वीजही गेली होती, पंखा बंद. कबर खोदणाऱ्यांचे हात सोलले, कारण काळी माती उन्हाळ्यात दगड होते. "सलीमभाईचा फोन आला का उतरवलं म्हनून, तवा अब्बा इथंच उंबऱ्यावर बसले होते," नसीम म्हणाली. "बर्फाकडं पाहत राह्यले."

जेवणं दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. डाळ-मटणाचा दालचा, भात, आणि जर्दा म्हणजे केशरी गोड भात. हिंदू शेजारीही आले होते, त्यांच्यासाठी साधं वरण वेगळं शिजवलं होतं. अंगणात पंगत बसली, सलीम वाढत होता. वडिलांच्या ताटाशी आला की ते ताटावर हात आडवा धरत. नको. दुसऱ्या कुणी वाढलं की घेत. सगळी पंगत खाली मान घालून जेवत होती आणि सगळ्या पंगतीला ते दिसत होतं. तो 'उन्हानं इमान थांबते काय' म्हणणारा नातेवाईक तिथंच होता, हे मला सलीमनं डोळ्यांनीच दाखवलं. मला त्याच्या पानात दालच्याऐवजी स्टँडवरची तर्री ओतावीशी वाटली.

संध्याकाळी माणसं पांगली. शब्बीर चाचा निंबाखाली एकटेच होते. सलीमनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेला. मी वेताचा मोडा घेऊन त्यांच्याजवळ बसले.

पुण्याहून निघतानाच मी सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. म्हटलं, "चाचा, विमानाला ऊन लागत नाही. हवेला लागतं." बाजेजवळ राहिलेली एक थाळी हातात घेऊन पंख दाखवला. हवा कशी पातळ होते, इंजिनाला कशी धाप लागते, समोर डोंगर असला की काय होतं, वजन का उतरवावं लागतं, सगळं सांगितलं. स्टाफला आधी उतरवतात हेही सांगितलं. तो खोटं बोलला नाही, मी स्वतः गणित करून पाहिलंय, त्या विमानाला ते वजन घेऊन तो चढ जमलाच नसता, असं म्हणाले. बोलता बोलता माझा आवाज चढला होता, हे मला थांबल्यावर कळलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मले समजलं नाही म्हनून तुमाले कोनं सांगतलं?"

"सलीम म्हणतो, तुमचा विश्वास नाही."

"इस्वास काऊन नसन? उभी जिंदगी राजूर घाटात गेली माही." ते माझ्याकडे न बघता निंबाच्या बुंध्याकडे बघत बोलत होते. "वैशाखात भरेल गाडी चढत नाही, हे मले काय सांगता. घाटाच्या खाली उभी करत होतो. म्हातारे बसू द्या, लेकरंवाल्या बाया बसू द्या, बाकीच्यायनं उतरा. अन् पयले कोन? डेपोवाले, पासवाले. माहा सलीम तं सगळ्यायच्या आंधी. त्याचा फोन आला तवाच मले समजलं. मी म्हनलो, बराबर हाय, ड्रायव्हरचं पोरगं हाय, उतरलं असन मुकाट्यानं."

मी थाळी खाली ठेवली. "मग चाचा, का बोलत नाही त्याच्याशी?"

त्यांनी बाजेची सुटलेली दोरी बोटानं आत खोचली. आत कुणीतरी भांडी आवरत होतं.

"गाडी वर नेली का मी उभी करत होतो," ते म्हणाले. "इंजनात पानी टाकत होतो, अन् वाट पाहत होतो. वानखडे कंडक्टर दारात उभा. मी त्याले इचारत होतो, मांगं कोन राह्यलं? थो म्हने, अमक्या गावचा बुवा राह्यला. मंग थांबलो. थो आला का फिरून इचारलं, मांगं कोन राह्यलं? कोनी नाही, असं वानखडेनं म्हनल्याबिगर म्या गेर टाकला नाही. कधीच नाही. गाडीतले लोकं उशीर होते म्हनत, शिव्या देत. देऊ द्या. ज्याले म्या खाली उतरवलं त्याले सोडून कसा जाऊ?"

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "अन् इथं मी पोराले म्हनलो, ये बाबू, थांबतो. अन् नाही थांबलो, ताई. बर्फ मूठभर राह्यला. लोकं म्हने, मियां, माती खराब होईन. पन उचला असं कोनी नाही म्हनलं. मीच म्हनलो, उचला. तिच्या मातीले पोराचा हात लागाचा होता. म्या लागू नाही देला. आता कोन्या तोंडानं पाहू त्याच्याकडं?"

मी म्हणाले, "चाचा, त्या उन्हात थांबणं शक्यच नव्हतं."

"हाव," ते म्हणाले. "तुमचं इमान बी चढत नव्हतं, अन् मले बी थांबता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी बराबर हायेत. पन माह्या पोटात आग हाय थे काय करू?"

माझ्या गणितात हे कुठंच बसत नव्हतं. म्हटलं, हे तुम्हीच त्याला सांगा. त्यांनी मान हलवली. "मले नाही होत. तुम्ही सांगा."

घाटमाथा

घरात सांगायचं धाडस मला झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा शब्बीर चाचा अंगणात होते. सलीम पाया पडल्यासारखा वाकला, त्यांनी त्याच्या डोक्याच्या वर हात धरला, पण टेकवला नाही. नसीमनं माझ्या पिशवीत भाकरी आणि ठेचा कोंबला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आम्ही बससाठी उभे राहिलो.

नांदुरा गेलं. मोताळा गेलं. घाट सुरू झाला, आणि आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं वाटून मी सगळं सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्या शब्दांत. बर्फाचं, वानखडेचं, थांबण्याचं. सलीम खिडकीबाहेर बघत होता. हल्लीच्या गाड्या या चढाला दमत नाहीत, आमची गाडी न थांबता चढत होती.

घाट संपला तसा तो उठला आणि कंडक्टरला म्हणाला, "भाऊ, इथंच उतरू द्या." कंडक्टर म्हणाला, "इथं काऊन? बुलढाणा आलंच न आता." सलीमनं आमच्या पिशव्या उचलल्या होत्या. गाडी थांबली, आम्ही उतरलो, गाडी गेली. रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक चहाची टपरी होती, समोर दोन बाकडी. दुसरं काही नव्हतं.

सलीमनं फोन लावला. पलीकडे नसीम असावी, कारण तो म्हणाला, "अब्बांच्या कानाला लाव. बोलायचं नाही म्हणाले तरी लाव." मग थोडं थांबला आणि आपल्या घरच्या भाषेत, उर्दूत, हळूहळू म्हणाला, "अब्बा, मी वर आलोय. घाटाच्या वर. तुमची गाडी उभी राहायची तिथं. थांबलोय. तुम्ही या."

फोन बंद झाला.

आम्ही थांबलो. ऊन चढलं. टपरीवाल्यानं दोनदा चहा दिला आणि मग आमच्याकडे संशयानं बघायला लागला. मी भाकरी काढली, सलीमनं घास मोडला आणि हातातच ठेवला. खालून गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडी वळणावर दिसली की सलीम उभा राहायचा, गाडी न थांबता गेली की बसायचा. मी त्याला एकदा म्हणाले, "पंचाहत्तरीचा माणूस आहे रे, एवढ्या उन्हात कसा येईल?" तो म्हणाला, "नाही आले तरी चालेल. मी थांबतो." मग मी पुन्हा तसं काही म्हणाले नाही. रजा संपत आली होती, रात्रीची गाडी चुकणार होती, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा खालून एक लाल गाडी आली आणि टपरीसमोर थांबली. ड्रायव्हर स्वतः खाली उतरून मागच्या दाराशी गेला आणि त्यानं हात पुढं केला. शब्बीर चाचा उतरले. डोक्याला ओला गमछा, हातात काही नाही. ड्रायव्हरला "जा बाबू" म्हणाले. गाडी निघून गेली.

बाप-लेक एकमेकांसमोर उभे होते. सलीमनं बाटली पुढं केली. त्यांनी ती घेतली, बाकड्यावर बसून पाणी प्यायले, उरलेलं गमछ्यावर ओतलं. सलीम त्यांच्या शेजारी बसला. मी दुसऱ्या बाकड्यावर सरकले. कुणी माफी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. चाचांचा हात मात्र सलीमच्या गुडघ्यावर होता.

ते घाटाच्या वळणाकडे बघत होते. तिथून पायवाट वर येते, आता तिच्यावर गवत वाढलंय. तिकडंच बघत, घरच्या भाषेत नव्हे, डेपोतल्या बोलीत त्यांनी विचारलं, "मांगं कोन राह्यलं?"

सलीमनंही पायवाटेकडं पाहिलं.

"अम्मी राह्यली, अब्बा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. तेवढ्यात खालून आणखी एक गाडी आली. वेग कमी करून ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "काय मियां, येता काय बुलढाण्याले?" शब्बीर चाचांनी त्याला पुढं जायची खूण केली.

"जा तू," ते म्हणाले. "आम्ही थांबतो जरा."

गाडी गेली, आणि आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.